हौसाने वाळत घातलेलं म्युझियम

मेघाली मॅडम, आधीच सांगून ठेवतो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कोणाचाच बसायचा नाही. एका मेलेल्या खेकड्याने दोन धडधाकट माणसांना एकमेकांकडे बघायला लावलं, असं मला कोणी सांगितलं असतं तर मीसुद्धा त्याला म्हटलं असतं, बाबा रे, डोक्यावर फडकं घे, उन्हात बसू नको.

पण टेम्पोचं चाक बसलंय. तुमच्या कॉलेजच्या बरण्या आत चढल्यात, सुभाष ड्रायव्हर चाक काढून अंजूरफाट्याला पंक्चर काढायला गेलाय. चाक कसं बसलं ते मला विचारू नका, मी सकाळपासून या खुर्चीवरून उठलेलो नाही. तर तो येईपर्यंत ऐका.

तुम्ही कॉलेजच्या म्युझियमचा चार्ज नवीनच घेतलात, म्हणून माणसं ओळखून घ्या. मला सगळे भाऊ म्हणतात. पूर्ण्यात पूर्वी आमचं भात आणि खाडी होती, आता भाताच्या जागी गाळे झाले आणि गाळ्यांत दुनियेचा माल. चहा घेऊन येतेय ती हौसा, माझ्या धाकट्या भावाची बायको. शटरला टेकून मोबाइलमध्ये काहीच नाही ते मन लावून बघतोय तो तिचा मुलगा, भाविक. गाळ्याचा कारभार त्याच्याकडे. आणि खोक्यावर बसून टेपचा रोल उगाच सोलत बसलीय ती मृणाली. आज संध्याकाळच्या गाडीने ती चेन्नईला जाणार, तिकडच्या म्युझियममध्ये नोकरीला. सामान बांधून झालंय. बोलायचं तेवढं राहिलंय... आणि ही दोघं बोलतील असं काही मला दिसत नाही. म्हणून म्हटलं, आपणच बोलावं.

भाविक, बस खाली. तुला कोणी उभं केलंय?

तर सुरुवात झाली कशेळीच्या पुलावर. पावसाळा सरत आला होता, हस्ताच्या सरी येत-जात होत्या. पुलावर नेहमीसारखे कंटेनर एकामागे एक उभे, हलायचं नाव नाही. त्यात एक रिक्षा बंद पडलेली. रिक्षातून ही पोरगी उतरली. पाठीवर सॅक, आणि छातीशी ओढणीत गुंडाळलेली काचेची बरणी. पाऊस अंगावर पडला तर पडला, बरणीवर पडू द्यायची नाही, अशी चालत होती. मागून भाविक स्कूटीवर. मला कसं ठाऊक? मी त्याच वेळी पुलाखालून होडीने चाललो होतो. वर मान केली तर सगळं स्वच्छ दिसत होतं, ऐकूही येत होतं.

भाविकने स्कूटी तिच्या बाजूला घेतली. म्हणाला, "मॅडम, लोणचं सांभाळा. पुढे खड्डा आहे."

"लोणचं नाही हे. खेकडा आहे."

"बरणीत?"

"हो."

"जिवंत?"

"नाही हो... तुम्ही मला पुढे सोडणार आहात, का आधी त्याची चौकशी करणार आहात?"

"सोडतो ना. कुठे जायचंय?"

"पूर्ण्याला. एका गोडाऊनमध्ये." तिने पत्ता सांगितला. पत्ता याच गाळ्याचा. हा लबाड काही बोलला नाही. म्हणाला, "असेल तिकडेच कुठेतरी. शोधू. पण मागे बसणाऱ्याची ओळख लागते. हा खेकडा कुठला?"

"कशेळीचा. याच खाडीतला. फार पूर्वी कोणीतरी पकडला, तेव्हापासून मुंबईच्या म्युझियममध्ये आहे. मी तुलनेसाठी मागून आणलाय."

"म्हणजे गाववाला!" भाविकने सीट हाताने पुसली. "मग आधी सांगायचं ना. बसा... दोघंही बसा."

मॅडम, त्याच्या स्कूटीवर मागे बसायला गावातल्या मुली मला मधे घालून निरोप धाडत होत्या. आणि बसलं कोण, तर दोघांच्या मधे एक खेकडा! पाठीला बरणी लागत होती म्हणून भाविक ताठ बसलेला, आणि बरणी हलू नये म्हणून ती श्वास धरून बसलेली. खड्डा आला की ती म्हणायची, "हळू..." आणि हा खड्डा नसतानाही हळू घ्यायचा.

गाळ्यापाशी आल्यावर यानेच शटर वर केलं तेव्हा तिला कळलं.

"गोडाऊन तुमचंच आहे?"

"हो."

"मग शोधत काय होतात तासभर?"

"रस्ता छान होता..." असं म्हणाला. आता पूर्ण्याचा रस्ता छान म्हणणारा माणूस तुम्ही आजवर पाहिलाय का? मी तिथेच समजलो.

आता बरण्या आमच्याकडे कशा, ते तुम्हाला ठाऊक आहेच. कॉलेजचं छत दुरुस्तीला काढलं, म्युझियमचं सामान पावसाळ्यापुरतं ठेवायला कोरडी जागा हवी होती. आम्ही एक कोपरा दिला. जुन्या मास्तरांनी पोरांना घेऊन किनारा पालथा घालून जमवलेला तो माल. वसईचे खेकडे, अर्नाळ्याच्या कोळंब्या, डहाणूच्या शेवंडी, आमच्या खाडीतल्या चिंबोऱ्या. प्रत्येक बरणीत स्पिरिट, स्पिरिटात प्राणी, आणि त्याच्याच शेजारी बुडवलेली एक चिठ्ठी. कुठे सापडला, कधी, कोणाला.

मृणालीचं काम काय, तर असल्या बरण्या बघत हिंडायचं. मुंबईतलं मोठं म्युझियम, मग कॉलेजांच्या कपाटांतली बारकी म्युझियमं. आपल्या किनाऱ्यावर कवच असलेलं काय काय राहत होतं, कुठे राहत होतं, त्याची पहिल्यांदा नीट नोंद करायची. मी तिला म्हटलं, "पोरी, खेकडे बघायचेत तर खाडीत उतर. काचेत काय बघतेस?"

म्हणाली, "भाऊ, खाडी आजचं सांगते. तेव्हाचं कोण सांगणार? ते या बरणीतच आहे."

मग मी तिला तेव्हाचं सांगितलं. मी तरुण असताना एका चिंबोरीने माझ्या होडीचा नांगर नांगीत धरला आणि भरतीची ओहोटी झाली तरी सोडला नाही. शेवटी मी तिला दोन बिड्या दिल्या तेव्हा सोडला. पोरगी शांतपणे म्हणाली, "कवच किती रुंद होतं? नमुना ठेवलात का?"

मी म्हटलं, "नमुना खाल्ला."

ती हसली नाही. मला खोटाही म्हणाली नाही. फक्त लिहून घेतलं नाही. असली माणसं अवघड, मॅडम.

रोज सकाळी ती यायची. पांढऱ्या ट्रेमध्ये एकेक खेकडा काढायची, स्टीलच्या मापाने कवच मोजायची, नांग्या बघायची, पायांवरचे केस भिंगाखाली धरायची. भाविकला या गाळ्यात दुसरं काम नव्हतं असं नाही. ट्रक लागलेले असायचे, हमाल ओरडायचे. पण ट्रेवर दिवा धरायला माणूस लागतो ना? दिवा धरायला हा.

"याचा रंग असाच असतो? पिठासारखा?" त्याने एकदा विचारलं.

"नाही. स्पिरिटमध्ये रंग निघून जातो. आकार राहतो."

"मग जिवंतपणी कसा होता ते कसं कळायचं?"

"जिवंत बघावा लागतो." तिने भिंगातून मान वर केली. "तुम्ही तर खाडीकाठचे. तुम्हाला ठाऊक असेल."

"मला एकच रंग ठाऊक आहे. कालवणातला."

तेव्हा ती हसली. अशी हसली की हातातला खेकडा ट्रेमध्ये पडला आणि त्याचा एक पाय... असो. पाय तिने नीट जपून ठेवला. भाविक घाबरून म्हणाला, "सॉरी, माझ्यामुळे." ती म्हणाली, "तुझ्यामुळे नाही. मी हसले म्हणून."

तुझ्यामुळे. ऐकलंत का? तुमच्यामुळे नव्हे. भाविकच्या हातातला दिवा छताकडे गेला आणि बराच वेळ छताचीच पाहणी करत राहिला.

मुंबईहून आणलेल्या कशेळीच्या खेकड्याचं प्रकरण वेगळंच होतं. त्या जातीचा या खाडीतला तो एकच नमुना, आणि एकावर कोणी विश्वास ठेवत नाही म्हणे. चुकून चिठ्ठी बदलली असेल असं म्हणतात. याच जातीचा दुसरा कुठे मिळाला, त्याच्यावरही कशेळीची चिठ्ठी असली, तर पक्कं. ती तेच शोधत होती. चेन्नईच्या नोकरीसाठीही हे काम पुरं करून दाखवायचं होतं.

आणि एका दुपारी मिळाला. मागच्या रांगेतल्या बरणीत, अर्ध्या स्पिरिटात, एक नांगी तुटलेला, बारकासा. चिठ्ठीवर शाईने लिहिलेलं, कशेळी खाडी. मृणाली ओरडली नाही. तिने फक्त भाविकचं मनगट धरलं आणि म्हणाली, "बघ... बघ ना..." हा खेकड्याकडे सोडून सगळीकडे बघत होता. मनगट तिने कितीतरी वेळ सोडलं नाही.

हौसा, चहा दे आधी. आता तुझाच भाग आलाय.

बऱ्याच बरण्यांतलं स्पिरिट आटलं होतं. मृणालीने अशा सगळ्या बरण्या वेगळ्या काढल्या, लोडिंगच्या ओट्याजवळ ओळीने लावल्या, झाकणं सैल केली. त्यातच ती कशेळीची. मुंबईचा खेकडा परत करायचा आणि येताना नवीन स्पिरिट आणायचं, म्हणून ती दोन दिवस गेली. भाविक माल घेऊन गणेशपुरीला गेला. मी या खुर्चीत होतो, पण डोळे मिटून.

हस्त सरला होता. ऊन असं पडलं होतं की पत्र्यावर भाकरी भाजावी. आणि हौसाने त्या बरण्या पाहिल्या.

"मंग काय करू?" बघा, हौसा आत्ताही म्हणतेय. "मना काय ठाव ते कॉलेजचं हाय? मना वाटला, भाविकनी कोनाचा म्हावरा ठेवलाय. पानी आटलेला, झाकनं उघडी, वास मारतंय. मी बोलली, एवरा माल फुकट जाल."

बरोबरच आहे तिचं. आमच्यात ऊन पडलं आणि घरात जास्तीचा म्हावरा असला तर बाईचा हात थांबत नाही. सोडे, सुकट, जवळा... तिच्या आईने वाळवलं, आजीने वाळवलं. हिने बरण्या एकेक करून रिकाम्या केल्या, कोळंब्या-खेकडे तीन पाण्यांतून धुतले, ओट्यावर ताडपत्री अंथरली आणि घातले वाळत. आणि नुसते पसरून नाही. बारके बारक्यांत, मोठे मोठ्यांत, नीट वाटे लावले. बाजारात बसायची सवय. चिठ्ठ्या मात्र फेकल्या नाहीत हो! कागद हाय, कामाचा असंल म्हणून त्याही धुतल्या आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातल्या. खेकडे खाली, गावं वर.

त्या वासाने काय झालं ते सांगत नाही. भिवंडी तालुक्यातली झाडून सगळी मांजरं आली, हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि रांगेने परत गेली. हायवेवर एक ट्रकवाला गाडी थांबवून मला म्हणाला, "चाचा, ये क्या सुखाया है? मेरा सर्दी ठीक हो गया." शपथेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी मृणाली आणि भाविक एकाच वेळी गाळ्यावर पोचले. ती स्पिरिटचा कॅन घेऊन, तो रिकामा टेम्पो घेऊन. दोघांनी ओटा पाहिला.

ती पुढे गेली. ताडपत्रीपाशी उकिडवी बसली, एक खेकडा उचलला, उलटा केला, परत ठेवला. मग दोरीवरच्या चिठ्ठ्यांकडे बघितलं. वाऱ्यावर हलत होत्या, वसई, डहाणू, कशेळी...

"कोणी केलं?"

हौसा तेव्हा गाळ्याला लागून असलेल्या घरात स्वयंपाकाला. ओट्यावर आम्ही दोघंच. मी झोपेत. भाविकने एकदा घराच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी."

"कशाला?"

"काल निघताना बघितलं, खराब होतायत असं वाटलं..."

"मी सांगून गेले होते."

"विसरलो."

तिने मान हलवली. म्हणाली, "तुम्हाला सांगायला हवं होतं मी. नीट. माझीच चूक."

तुम्हाला! मॅडम, तिने त्याच्या थोबाडीत दिली असती तर पोराने गाल चोळला असता आणि सुखाने जेवला असता. पण ते 'तुम्हाला' त्याला असं बसलं की तो ओट्याच्या कडेला बसला तो उठलाच नाही. ठिकाण नसलेला खेकडा मुका असतो, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. कुठला म्हणून सांगता येत नाही तो कितीही सुंदर असो, नोंदीत येत नाही. तिचं सगळं वर्ष त्या ताडपत्रीवर मुकं होऊन पडलं होतं.

ती कामाला लागली. निदान मोजून तरी ठेवू म्हणून पहिल्या वाट्याशी बसली. आणि थांबली. दुसऱ्या वाट्याकडे गेली, तिसऱ्या. मग म्हणाली, "इकडे या."

भाविक गेला.

"हे तुम्ही लावलेत?"

"हो."

"प्रत्येक वाट्यावर एक छोटी कोळंबी वर कशाला ठेवलीय?"

याला काय ठाऊक! बाजारात गिऱ्हाईकाला खूश करायला वर एक चढवतात, ते बायकांचं काम. हा म्हणाला, "अशीच... शोभेला."

तिने एक वाटा मोडला. "लावा बघू परत."

भाविक लावायला बसला. चार कोळंब्या ठेवल्या की पाचवी घसरायची, पाचवी धरली की ढीग आडवा. परत लावला, परत पडला. ती बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांच्या कडेला... हसू होतं, काय सांगायचं, मी झोपेत नीट पाहिलं.

"खोटं बोलायचं तर निदान हात तरी शिकवून ठेवायचे, भाविक," ती म्हणाली. "तू नाही केलंस हे."

'तू' परत आलं. पोराचा जीव परत आला.

तेवढ्यात हौसा बाहेर आली, आणि पोराचं तोंड बघूनच तिला सगळं कळलं. "मी केलाय गो पोरी," म्हणाली. "त्याला काय बोलू नको. मना बोल."

मृणाली उठली, हौसाचे ओले हात आपल्या हातात घेतले. "मावशी, रागावत नाही मी. पण कुठला कुठल्या बरणीतला, आठवतंय का हो तुम्हाला?"

"न्हाय गो... धुताना कोन ध्यान देतो?"

ऊन उतरत होतं. आणि भाविक एकदम उठून उभा राहिला, आकाशाकडे बघायला लागला. मला वाटलं, गेलं पोराचं डोकं. तो बघत होता ओट्यावरच्या कॅमेऱ्याकडे.

माल चढतो-उतरतो तिथे कॅमेरा असतोच. गाळ्यातलं खोकं न खोकं त्याच्या नजरेखालून जातं. हौसाने बरणी उचललेली, रिकामी केलेली, खेकडा कुठे ठेवला, सगळं त्यात! मृणालीला कळायला एक क्षण लागला. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्यानंतरच्या दुपारी काय सांगू... जेवणाच्या सुट्टीत गाळा शांत व्हायचा आणि दोघं त्या काचेच्या केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसायची. समोर काय, तर हौसा खेकडे धुतेय. लोक थेटरात जातात, नदीकाठी जातात. ही दोघं भाविकच्या आईला म्हावरा धुताना बघत प्रेमात पडली. विश्वास बसत नाही ना? मी म्हटलंच होतं.

"थांबव. मागे घे... अजून थोडं."

"इथे?"

"हो. ही उंच बरणी, डहाणूची. आता बघ, मावशींनी तीन काढले... तिकडे ठेवले, डावीकडच्या वाट्यात. मोठा करून दाखव."

ती बघायची, खाली जाऊन तो खेकडा शोधायची, पाय-नांगी जुळवायची, चिठ्ठी लावायची. आणि हा पठ्ठ्या मागे घ्यायचं म्हटलं की जरा जास्तच मागे घ्यायचा.

"हे कालच बघितलं आपण."

"परत बघायला काय जातं?"

"काही जात नाही..." ती स्क्रीनकडे बघत म्हणायची. "घाई आहे का तुला?"

"मला कसली घाई? तुलाच चेन्नई आहे."

"अजून कुठे आहे? अजून बोलावलं नाही त्यांनी."

मग बराच वेळ नुसती हौसा धुवत राहायची.

कशेळीचा खेकडा दिसला तेव्हा तर कमाल झाली. हौसाने त्याला उचललं, पालथा केला, अंगठ्याने पोट दाबून बघितलं, भरलेला आहे का पोकळ! बाजारात बघतात तसं. आणि नापसंत करून तोंड मुरडलं. तुटकी नांगी, बरणी, तोंड मुरडणं, सगळं स्वच्छ. मृणालीने पुन्हा मनगट धरलं. या वेळी दोघंही मनगटाकडेच बघत होती.

सगळंच जुळलं असं नाही. कोळंब्या आक्रसून गेल्या, काही कामाच्या राहिल्या नाहीत. खेकडे तगले. कोरडे खेकडे ठेवायचीही रीत असते म्हणे. भाविकने गाळ्यातली खोकी, कापूस, तो फुगेवाला प्लास्टिकचा कागद आणून एकेकाला नवरदेवासारखा सजवून बसवला. पण मधे एक कंटेनर रिव्हर्स आला होता आणि तेवढा वेळ कॅमेऱ्यासमोर त्याची पाठ. तेवढ्यातले थोडे खेकडे कुठले ते कळेना.

भाविक म्हणाला, "लिही ना कशेळी. आपलंच गाव. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"पण रिकामी जागा बरी दिसत नाही."

"माहीत नसेल तर माहीत नाही असंच लिहायचं, भाविक. एकाने खोटं लिहिलं की पुढचे सगळे ते खरं धरून चालतात. मग ते पुसायला कोणीतरी उभं राहून बोलावं लागतं, आणि तोवर फार उशीर झालेला असतो."

मी बाहेर चहा पीत होतो. मला ठसका लागला.

मग चेन्नईहून बोलावणं आलं. मोबाइलवर. तिने वाचून दाखवलं. भाविक टेप लावत होता. टेप लावत लावतच म्हणाला, "छान."

"छान?"

"मग काय म्हणू?"

"काही नाही. छानच म्हण."

आणि तेव्हापासून हे असं चाललंय, मॅडम. तो टेप लावतोय, ती सोलतेय. माझ्या पुतण्याच्या पोटात काय आहे ते इथल्या हमालांनाही ठाऊक. हा झोपेत 'मागे घे, मागे घे' करतो. पण तोंड उघडायचं नाही. ती शिकलेली, ती मोठ्या म्युझियममध्ये जाणार, आपण गाळेवाले, विचारायचं कोणत्या तोंडाने, असं याच्या डोक्यात. आज संध्याकाळी गाडी सुटली की संपलं.

म्हणून काल मीच मधे पडलो. भाविक जेवायला गेला होता. मी मृणालीला जवळ बसवलं आणि सरळ विचारलं. म्हटलं, "पोरी, आमच्या भाविकबद्दल तुझ्या मनात काही आहे का? असेल तर आहे म्हण, नसेल तर नाही म्हण, म्हातारा वाईट वाटून घेणार नाही."

ती हसली. अगदी सहज. म्हणाली, "छे हो, भाऊ. भाविक चांगला आहे, कामाला उपयोगी. खोकी उचलतो, दिवा धरतो. बाकी काय? कोणी हजारदा विचारलं तरी मी नाहीच म्हणेन. चेन्नईला गेले की आठवणारही नाही."

झालं. संपली गोष्ट. गोड असती तर गोड सांगितली असती, पण आहे ते असं आहे.

भाविक, कुठे चाललास? सुभाष यायला वेळ आहे अजून. अरे बस... हौसा, डोळ्यांना पदर कशाला लावतेस? मेघाली मॅडम, माझ्याकडे असं बघू नका. तिने सांगितलं ते मी सांगितलं. एका अक्षराचा फरक नाही...

"खोटं!"

कोण? कोण बोललं ते?

"मी बोलतेय, भाऊ. मृणाली. आणि उभी राहून बोलतेय. खोटं आहे हे, साफ खोटं! बाकी सगळं मी चालवून घेतलं, हे नाही चालवणार. काल तुम्ही मला काही विचारलंच नाही. तुम्ही नाही, मावशींनी नाही... आणि हा निघालाय ना तोंड फिरवून, यानेही नाही. भाविक, थांब तिथेच! कोणीच विचारलं नाही मला. एकदासुद्धा विचारलं असतं... तर मी याला 'हो' सांगून मगच चेन्नईला गेले असते!"